ओसरीवाल्यांचं दार

आई, तुझ्या नातवाने डिसेंबरात गादी सोडली. पलंग तसाच, त्यावर घडी घातलेलं पांघरूण, आणि हा खाली उघड्या फरशीवर, उशीसुद्धा नाही. आपल्याकडची डिसेंबरातली फरशी तुला माहीत आहे, सकाळी पाय टेकवला की कळ डोक्यापर्यंत जाते. मी विचारलं तर म्हणाला, सवय करतोय. कशाची, ते मी विचारलं नाही. मग गरम पाणी सुटलं, साखर सुटली, चहा सुटला, मित्रांचा ग्रुप सुटला. सकाळी बादलीभर गार पाणी अंगावर घ्यायचा आणि बाथरूममधून आवाज म्हणून यायचा नाही, ना हुडहुडीचा, ना गाण्याचा. शेजारच्या काकू तुझ्या सुनेला म्हणाल्या, आजच्या काळात असा मुलगा बघायला मिळत नाही हो. ती त्या दिवशी खूश होती. मीही होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा उलट बोलत नाही, दार आपटत नाही, ताटात वाढलेलं मुकाट खातो, तर कुठला बाप तक्रार करेल?

मोबाइलवर तो काय ऐकतो ते मला पुढे कळलं. मी ओझरहून घरी आलो होतो, कारखान्याची बस त्या दिवशी लवकर पोचली. हा हॉलमध्ये जोर काढत होता आणि समोर मोबाइलवर दगडी पुतळ्याचा चेहरा, मागे ढोलासारखं काहीतरी वाजतंय, आणि एक जाड आवाज हिंदीत सांगतोय की भावना म्हणजे कमजोरी, जो दुखावला जात नाही त्याला कुणी हरवू शकत नाही. मध्येच त्या आवाजाने 'स्टोइक' म्हटलं. मी बूट काढता काढता थांबलो. कितीतरी वर्षांनी तो शब्द घरात ऐकला होता. मला वाटलं, आजीचं रक्त बोलतंय. मी त्याला हसून म्हणालो, अरे, हे तर आपले ओसरीवाले. त्याने मान वर करून पाहिलं आणि विचारलं, कोण?

मग मी त्याला आपलं स्वयंपाकघर सांगितलं. तू कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून कॉलेज रोडवरून सिटी बसने यायचीस, पर्स खुंटीला अडकवायचीस आणि साडीचा पदर खोचून कणकेला बसायचीस. उद्याचं लेक्चर आज माझ्यावर. वर्गात तुझे विद्यार्थी मोजकेच, त्यातले निम्मे पेंगणारे, म्हणून घरचा एक जागा श्रोता तुला पाहिजे असायचा. मला नावं लक्षात राहत नाहीत म्हणून तू त्या ग्रीकांची नावंच काढून टाकलीस. एक पाणीवाला, ज्याला सगळं पाण्यापासून झालेलं दिसायचं. एक आगवाला, तो म्हणायचा की जग सारखं जळतंय आणि बदलतंय, दुसऱ्यांदा हात घालेपर्यंत नदीसुद्धा तीच राहत नाही. एक कणवाला, तो आला की तू पिठाची मूठ ताटावर सैल सोडायचीस. कण आणि मधली पोकळी, बाकी गोड-कडू सगळं आपलं म्हणणं. मग चौकात लोकांना अडवून प्रश्न विचारणारा म्हातारा, ज्याला गावाने विष प्यायला लावलं. त्याचा शिष्य, ज्याच्या नावाचं आपण 'अफलातून' केलं आणि मिसळीपासून सिनेमापर्यंत सगळ्याला लावलं. त्याच्या मते खरी गोल पोळी वेगळ्याच जगात असते, आपल्या तव्यावर तिची सावली, आणि तुझी पोळी वाकडी झाली की तू म्हणायचीस, आज सावली जरा लांब पडली. आणि त्या शिष्याचा शिष्य, ज्याने जगातल्या यच्चयावत गोष्टी डब्यांत भरून वर चिठ्ठ्या लावल्या.

पण तुझा जीव रमायचा तो त्यांच्या नंतर आलेल्यांत. त्यांची गावं मोठ्या राजांनी गिळून टाकली होती आणि आता गावाचं काय करायचं हा प्रश्नच उरला नव्हता, एकट्या माणसाने कसं जगायचं एवढाच उरला होता. कुत्रेवाले घरदार सोडून रस्त्यावर जेवायचे, झोपायचे, आणि लाज ही लोकांनी शिकवलेली गोष्ट आहे म्हणायचे. बागवाले गावाबाहेरच्या बागेत मित्रांबरोबर साधं खाऊन राहायचे. आपण आहोत तोवर मरण नाही आणि मरण आलं की आपण नाही, मग भ्यायचं कुणी, असा त्यांचा हिशेब. 'कुणास ठाऊक'वाले कशावरच निकाल द्यायचे नाहीत आणि त्यातच त्यांना स्वस्थता मिळायची. आणि ओसरीवाले. स्टोआ म्हणजे खांबांची ओसरी, बाजाराच्या कडेची, कुणीही यावं, उभं राहून ऐकावं. जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात, आपल्या हातातल्या आणि आपल्या हातात नसलेल्या. आपला विचार, आपलं वागणं हातात. आजार, मरण, लोक, पाऊस हातात नाही. बाबा गेल्यावर तू ओसरीवाल्यांचीच होऊन गेलीस. मी तेव्हा सातवीत होतो. तू तेरावं झाल्यावर कॉलेजला गेलीस आणि कुणासमोर डोळे पुसले नाहीस.

हे सगळं मी तुझ्या नातवाला सांगत होतो आणि तो ऐकत होता, पहिल्यांदाच इतकं मन लावून. मी खुशीत होतो गं. आपला मुलगा आपल्या आईविषयी विचारतोय, एवढंच मला दिसत होतं.

त्याच्या मित्राचं तुला सांगायचं राहिलं. शाळेपासूनचा एकच मित्र, रोज आपल्याकडे जेवणारा. गणपतीच्या आधी तो मोटरसायकलवरून जाताना हायवेवर अपघातात गेला. अमरधामहून आम्ही परत आलो, हा अंघोळ करून ताटावर बसला आणि दोन पोळ्या खाऊन उठला. तुझी सून हमसून रडत होती, तर हा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आई, जे आपल्या कंट्रोलमध्ये नाही त्याचं काय." तेव्हाच मला काहीतरी आठवायला हवं होतं. मी आठवीत असताना आपल्या खालच्या मजल्यावरच्या मावशींचं बाळ गेलं, तू मला त्यांच्याकडे घेऊन गेलीस, आणि मी पाठ केलेल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं, मावशी, जे हातात नाही त्याचं रडू नये. तू मला मनगटाला धरून जिन्यात आणलंस. तुझी बोटं मनगटात रुतली होती. म्हणालीस, "ही वाक्यं स्वतःला सांगायची असतात. दुसऱ्याला सांगितली की ती दगड होतात." त्यानंतर आठवडाभर तू मला एकही लेक्चर दिलं नाहीस. तुझ्या नातवाला मात्र जिन्यात कुणी नेलं नाही. मी त्याच्या दोन पोळ्यांकडे बघत राहिलो आणि मनात म्हणालो, घट्ट आहे, आजीवर गेलाय.

जानेवारीतला रविवार. मी चहा टाकला होता, तुझी सून बाजारात गेली होती. हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात पातळ बनियन, बाहेर धुकं. म्हणाला, "बाबा, आजी हॉस्पिटलमध्ये म्हणाली होती ना, दार उघडं आहे?" मी हो म्हणालो. तो तेव्हा पहिलीत होता, माझ्या मांडीवर बसला होता. डॉक्टर तुझ्या घशातून नळी घालायचं म्हणत होते आणि तू नको म्हणालीस, मान हलवून, अगदी हळू. मग आम्हा सगळ्यांकडे पाहून म्हणालीस, दार उघडं आहे, मला कुणी कोंडलेलं नाही. पुढच्या आठवड्यात तू गेलीस. घरी कुणी आलं, तुझा विषय निघाला की अजून सगळे तेच सांगतात. किती शांतपणे गेली, टिपूस काढलं नाही. दर वेळी ती गोष्ट थोडी उजळते. हल्ली तर तू हसत गेलीस असंही म्हणतात. हा पोरगा ते ऐकत मोठा झाला.

"ओसरीवाल्यांचंच आहे ते," तो म्हणाला. "मी शोधून वाचलं. जगणं जमत नसेल तर बाहेर जायला मोकळीक आहे, असं ते मानायचे. मला ते आवडतं, बाबा. फार शांत वाटतं." आणि तो वळून खोलीत गेला, दार आतून लावलं. चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभा राहिलो. तू मला ओसरीवाल्यांचं हे दार कधी शिकवलं नव्हतंस. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शिकवायची ती गोष्ट नव्हती, हे आता कळतं. तू थेट वापरूनच दाखवलंस.

त्यानंतरचे दिवस तुला कसे सांगू. काहीच घडत नव्हतं आणि जे जे घडत नव्हतं त्याची मला भीती वाटत होती. सोसायटीतला एक मुलगा जिन्यात भेटला, हातात आपल्या पोराची बॅट. दादाने दिली म्हणाला, ठेव तुला. मग बुद्धिबळाचा पट गेला, मग नवे बूट. दिंडोरीहून त्याच्या आत्याचा फोन आला, काही काम नसताना भाचरू भेटायला आलं होतं, दिवसभर द्राक्षाच्या बागेत तिच्याबरोबर हिंडलं, जाताना वाकून पाया पडलं, किती गुणी झालाय गं वहिनी. तुझी सून फोनवर हसत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. जो येईल तो त्याचं कौतुक करायचा. कारखान्यात माझं काम तपासणीचं आहे, भागाला कुठे केसाएवढी चीर आहे का ते पाहायचं. वरून गुळगुळीत, चकचकीत दिसणाऱ्या भागालाच जास्त जपावं लागतं. पण तिथे मशीन असतं, उजेड असतो. घरात माझ्याकडे काय होतं? मी रजा टाकली. बायकोला सांगितलं, अंग मोडून आलंय. तिला खरं सांगायला तोंड उघडायचो आणि वाटायचं, बोललं की ते खरं होईल.

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी दुपारी मी त्याला म्हणालो, लेण्यावर येतोस का. तो लगेच उठला. हल्ली तो कशालाच नाही म्हणत नव्हता, त्याचीही भीती. पांडवलेण्याच्या पायऱ्या तो न थांबता चढला आणि मी धापा टाकत मागे. लहानपणी तू मला तिथल्या एका लेण्यात न्यायचीस आणि भिंतीवरची अक्षरं दाखवायचीस. उत्तरेकडून आलेल्या एका यवनाने, म्हणजे मूळच्या ग्रीकानेच, आपल्या मुलाबरोबर हे लेणं आईवडिलांसाठी कोरवून दिलं, असं त्यात लिहिलंय म्हणून सांगायचीस. पुढे खांबांची ओसरी. तुला गंमत वाटायची, बघ, ओसरी नाशिकपर्यंत आली. आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त करायचीस, तो तोवर बुद्धाचा झाला होता, त्याला ओसरीवाले ठाऊक होते का कुणास ठाऊक.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. शाळेची एक सहल परत निघाली होती, मग कुणीच उरलं नाही. खाली हायवेचा आवाज, अंबडच्या कारखान्यांच्या शेडांवर धुराचा पट्टा. तो ओसरीत आला नाही. बाहेर, जिथे खडक संपतो तिथे, कडेला जाऊन उभा राहिला, हात खिशात घालून, हायवेकडे बघत. कुठल्या बुद्धीने मी याला इथे आणलं? हाक मारावी तर तो दचकेल, धावावं तर तो वळेल. मी ओसरीतल्या दगडी बाकावर बसलो आणि जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणालो, पाणी दे रे, बाटली तुझ्याकडे आहे. तो आला. बाटली दिली. मी त्याचं मनगट धरलं.

"तुझ्या मनात मरायचं येतं का?" मी विचारलं.

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. म्हणाला, "येतं."

मग म्हणाला, "पण त्यात वाईट काय आहे? मला रडू येत नाही, राग येत नाही. सगळं क्लिअर वाटतं. आजीसारखं."

आई, त्या क्षणी मला तुझी सगळी माणसं आठवली आणि एकही उपयोगी पडलं नाही. बागवाल्यांचं सांगावं तर त्यांनीही मरणाची भीतीच काढून टाकलेली. 'कुणास ठाऊक'वाल्यांकडे तर काय मागणार. मला वाटत होतं, हे मनगट सोडलं की संपलं. मी म्हणालो, "आजी शांत नव्हती."

मी सांगत गेलो. तू शाळेत गेला होतास, त्याला म्हणालो. दुपार होती. आजीने मला जवळ बोलावलं, माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि रडायला लागली. आवाज फुटत नव्हता तिला, नुसती हलत होती. म्हणाली, मला जायचं नाहीये रे. त्याला दुसरीत गेलेला बघायचंय. म्हणाली, त्या ओसरीवाल्यांना नातवंडं नसावीत. आणि मला म्हणाली, हे कुणाला सांगू नकोस.

"आजी रडली?" त्याने विचारलं.

"हो."

"किती वेळ?"

"नर्स येईपर्यंत."

तो खांबाला पाठ लावून खाली बसला. खालच्या बाजूने रखवालदाराची शिट्टी वाजली, बंद व्हायची वेळ झाली होती. मग तो म्हणाला, "तो मला सोडायला आला होता, बाबा." मला आधी कळलंच नाही. "मीच म्हटलं होतं, बस नाही, घरी सोड. मला सोडून परत जाताना गेला तो." एवढं त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, सबंध पाच महिने. आणि मग त्याच्यातून जो आवाज आला तो मी याआधी ऐकला नव्हता. त्या दगडात तो घुमून आमच्याकडेच परत येत होता. रखवालदार वर आला, त्याने आम्हाला पाहिलं, शिट्टी हातात तशीच धरून दोन पायऱ्या खाली उतरला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. अंधार पडायच्या आत आम्ही उतरलो. मी पूर्ण वाट त्याचा दंड धरून होतो आणि त्याने सोडवून घेतला नाही.

त्याच संध्याकाळी तुझ्या सुनेला सगळं सांगितलं. ती उठली आणि त्याच्या खोलीच्या दाराची आतली कडी स्क्रू काढून उतरवली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या चालू आहेत, दर आठवड्याला बोलायला जातो. गादीवर झोपतो, आमच्याच खोलीत. परवा मित्राच्या आईवडिलांकडे जाऊन आला. चहा पितो, साखर घालून. डॉक्टर म्हणतात, सुधारतोय, पण लक्ष असू द्या, बरं वाटायला लागतं तेव्हाही. म्हणून आम्ही लक्ष ठेवतो. तो गॅलरीत गेला की तिचे हात कामावरच थांबतात. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज बंद झाला की मी दाराबाहेरून काहीतरी फालतू विचारतो. तो उत्तर देतो, कधी कंटाळून, कधी चिडून. चिडला की मला बरं वाटतं.

काल जेवताना त्याने विचारलं, आजी अजून काय काय म्हणाली होती त्या दुपारी. तुझी सून वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी तीही खोलीत होती. मी म्हणालो, नंतर सांगतो, आणि आमटी मागितली. तिने आमटी वाढली. त्याने अजून तिला काही विचारलेलं नाही. विचारेल. तो आता प्रश्न विचारायला लागलाय, आणि तूच म्हणायचीस ना, त्या म्हाताऱ्यासारखं एकदा विचारायला लागलं की मधे थांबता येत नाही.

अफलातून शिष्याशी तुझं एकच भांडण होतं, त्याने औषधासारखं दिलेलं खोटं चालेल असं म्हटलं होतं. तू म्हणायचीस, औषध देणाऱ्याला डोस कळतो का आधी ते विचार. मला डोस कळत नाही. म्हणून हे कागद घरात ठेवणार नाही, तो क्लासवरून यायच्या आत फाडून टाकीन. तुला माहीत आहे, तू तिथे होतीस. त्या दुपारी मी हात पुढे केला होता. तू तो दोनदा थोपटलास, वर्गातल्या मुलाचा थोपटावा तसा, पडदा ओढून घे म्हणालीस आणि भिंतीकडे वळून झोपलीस. तू रडली नव्हतीस. पण वर्षानुवर्षं मनात रचून ते रडणं मला इतकं पाठ झालं होतं, की त्याला सांगताना मी कुठेही अडखळलो नाही.